वेटरची पहिली नोकरी: दादरच्या एका मालवणी रेस्टॉरंटचे परीक्षण

दादर पश्चिमेला, स्टेशनवरून पायी जाता येईल अशा एका मालवणी रेस्टॉरंटबद्दल मी लिहीत आहे. तेथील जेवण चांगलेच आहे. पण वेटर म्हणून पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी ते ठिकाण कसे आहे, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. मी तेथेच काम शिकलो आणि आता दुसरीकडे कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आहे. रेस्टॉरंटचे नाव देत नाही, कारण पुढे टिपच्या हिशेबाबद्दल एक तक्रार आहे आणि तिचा त्रास तेथे अजून काम करणाऱ्यांना होऊ नये असे वाटते.

या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तेथे नव्या माणसाला थेट गिऱ्हाइकाच्या तोंडी देत नाहीत. सुरुवातीला पाणी द्यायचे, टेबल उचलायचे, सोलकढी फिरवायची आणि कॅप्टन ऑर्डर घेत असताना मागे उभे राहून ऐकायचे, एवढेच काम असते. त्यानंतर दोन-तीन टेबले मिळतात. मालवणी रेस्टॉरंटमध्ये ही तयारी फार आवश्यक आहे, कारण मेनूकार्डावर पापलेट, सुरमई आणि खेकडा यांच्यापुढे भाव छापलेला नसतो. मासा आकाराप्रमाणे विकला जातो, आणि नवखा वेटर नेमका तेथेच अडकतो. येथे नियम असा आहे की, कच्चा मासा स्टीलच्या ताटात ठेवून टेबलावर न्यायचा, भाव स्पष्ट शब्दांत सांगायचा आणि गिऱ्हाइकाने होकार दिल्यावरच केओटी, म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी, आत पाठवायची. आमचे कॅप्टन म्हणत, “भाव आधी सांग रे बाळा, बिल आल्यावर सांगितलास तर भांडण होणार.”

अलीकडे जेवायला गेलो असताना शेजारच्या टेबलावर हेच पाहायला मिळाले. एका वयस्कर जोडप्याने सर्वांत मोठ्या पापलेटकडे बोट दाखवले, तेव्हा नुकताच लागलेला मुलगा म्हणाला, “काका, दोघांना हे जास्त होईल. मधलं घ्या, आणि सोबत तिसऱ्यांचं सुकं घ्या.” बिल कमी झाले, पण काउंटरवरून त्याला कोणी टोकले नाही. पलीकडच्या टेबलावर खेकडा मागवला होता, तर कोणी मागण्यापूर्वीच कवच फोडण्याचा चिमटा आणि लिंबाची फोड घातलेले कोमट पाणी तेथे ठेवलेले होते. टिप मिळते ती अशा कामाची. बडीशेपेची वाटी पुढे करून घुटमळत राहण्याची नव्हे. अधिक महाग पदार्थ खपवण्यासाठी वेटरवर दडपण आणणाऱ्या जागी ही समज येणे कठीण असते.

आता पैशांबद्दल. येथील बिलात सेवा शुल्क लावले जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तरीही बिलातील 5 टक्के जीएसटी पाहून ‘सर्व्हिसचे पैसे तर घेतलेच आहेत’ असे समजणारी गिऱ्हाइके रोज भेटतात. तो कर सरकारकडे जातो, वेटरकडे नाही. पण हे टेबलावर समजावत बसू नये, अशी येथील शिकवण आहे आणि ती मला पटते.

रोख टिप काउंटरजवळच्या कुलूपबंद पेटीत जाते आणि आठवड्यातून एकदा सर्वांसमोर मोजली जाते. वेटरला पूर्ण हिस्सा, नव्याला पाऊण आणि हेल्परला अर्धा मिळतो. मालक त्यातील काहीही घेत नाही. खिडकीकडच्या टेबलांवर चांगली टिप मिळते आणि बेसिनजवळच्या टेबलांवर जवळजवळ काहीच मिळत नाही, त्यामुळे नव्या माणसाला पेटीची पद्धतच सोयीची पडते. अनुभवी वेटर यावर कुरकुरतात, आणि त्यांचेही चूक नाही, परंतु पहिल्या वर्षी ज्याची टिप त्याच्या खिशात ही पद्धत असती, तर मी टिकलो नसतो.

तक्रार आहे ती यूपीआयची. आता निम्म्याहून अधिक मंडळी क्यूआर कोड स्कॅन करून बिलातच टिपची रक्कम वाढवून देतात. ती रक्कम रेस्टॉरंटच्या खात्यात जमा होते, वहीत एकत्रित लिहिली जाते आणि पुढील महिन्याच्या पगारासोबत मिळते. कोणत्या दिवशी किती आली, हे पाहण्याची सोय नाही. मालकाच्या सचोटीबद्दल मला शंका नाही, पण पेटी जशी सर्वांसमोर उघडते, तशी ही वहीही उघडली पाहिजे. हे मी तेथे असताना सांगितले होते आणि अजूनही तेच सांगतो.

पगार ठरवताना येथे टिप धरून आकडा सांगत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे, कारण माशांच्या धंद्यात टिपचा भरवसा धरता येत नाही. गटारीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते आणि पेटी भरून वाहते. मग श्रावण लागतो, त्यापाठोपाठ गणपती येतात आणि संध्याकाळची टेबलेही रिकामी राहतात. पावसाळी मासेमारीबंदीत ताजा मासा महागतो, बिल वाढते आणि टिपमध्ये हात आखडतो. घरभाडे, लोकलचा पास आणि गावी पाठवायचे पैसे हे सारे पगारात बसवावे आणि टिप वेगळी ठेवावी.

दुपारी साडेतीन ते सात या वेळात ब्रेक असतो, पण बदलापूर किंवा विरारला राहणाऱ्याला तेवढ्यात घरी जाऊन येता येत नाही आणि पोटमाळ्यावरची स्टाफची जागा अगदी अपुरी आहे. स्टाफचे जेवण मात्र गरम असते, आणि गिऱ्हाइकांना वाढतात तोच भात असतो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा करावयाची वैद्यकीय तपासणी मालकाच्या खर्चाने होते.

काम विचारायला जायचे असल्यास दुपारी चारनंतर जावे, गर्दीच्या वेळी नव्हे. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत न्यावे. शर्ट तेथून मिळतो, बूट आपले असतात. ते काळे आणि रबरी तळव्याचे असावेत, कारण किचनच्या दाराशी फरशी कायम ओली असते. श्रावण संपून नवरात्र उलटले की माणसांची गरज पडते, तेव्हा विचारलेले बरे.