सखोल वाचन की विस्तृत वाचन? परकीय भाषेच्या तासाला वेळ कशाला द्यायचा

परकीय भाषेला आठवड्याचे चार-पाच तास मिळाले, तर वाचनाच्या वाट्याला फार तर दोन येतात. ते दोन्ही पाठावर खर्च करायचे, की एकात मुलांना आपापलं पुस्तक घेऊन नुसतं वाचत बसू द्यायचं, हे ठरवायचं असतं.

सखोल वाचनात दीड-दोन पानांचा उतारा सगळा वर्ग मिळून वाचतो. शब्द अडला की थांबायचं, वाक्य सोडवायचं, व्याकरण बघायचं, प्रश्नांची उत्तरं लिहायची. विस्तृत वाचनात पुस्तक प्रत्येकाचं वेगळं आणि त्यानेच निवडलेलं. मध्ये थांबायचं नाही, शब्दकोश उघडायचा नाही, कंटाळा आला तर पुस्तक बदलायचं. पहिल्यात तासाभरात ३००-४०० शब्दांचा फडशा पडला तरी पुष्कळ. दुसऱ्यात मिनिटाला १०० शब्दांच्या बेताच्या वेगानेही २० मिनिटांत २,००० होतात.

घोटाळा होतो तो ‘विस्तृत’ या शब्दामुळे. जाडजूड कादंबरी हातात दिली की विस्तृत वाचन झालं, असं समजलं जातं. खरी कसोटी सोपेपणाची आहे. हे वाचा:

‘रात्री उशिरा तो घरी आला, दार उघडलं, दिवा लावला आणि टेबलावरची झुंबील उचलून खिडकीपाशी नेली. बाहेर आता पाऊस थांबला होता.’

वीस शब्दांत एक अनोळखी. झुंबील म्हणजे काय ते कळलं नाही, पण गोष्ट पुढे गेली. आता हे:

‘रात्री उशिरा तो घरी आला, दार खवलं, कोंजा लावला आणि टेबलावरची झुंबील उचलून मेरखाशी नेली. बाहेर आता पाऊस थांबला होता.’

इथे चार अनोळखी, आणि वाचणं संपून कोडं सोडवणं सुरू झालं. पहिल्या उताऱ्यातही ओळखीचे शब्द ९५ टक्केच आहेत. पानामागून पानं असं वाचायचं तर दम लागतो. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांनी २००० साली केलेल्या अभ्यासातून मदतीशिवाय वाचायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं दिसलं. म्हणजे २५० शब्दांच्या पानावर फार तर पाच अनोळखी. इंग्रजीतल्या साध्या कादंबऱ्यांसाठी ही पातळी गाठायला, नेशनच्या २००६च्या हिशेबाने, ८-९ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) यावी लागतात. तेवढी यायला वर्षं जातात, म्हणून पायरीबद्ध पुस्तकं, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने ठरावीक शब्दांतच लिहिलेली. ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ मालिकेत पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द आहेत, सहाव्या पायरीला २,५००.

नवे शब्द झटपट हवे असतील तर सखोल वाचन सरस आहे, हे विस्तृत वाचनाच्या समर्थकांनी मान्य करायला हवं. वेअरिंग आणि ताकाकी यांनी २००३ साली जपानी विद्यार्थ्यांना पायरीबद्ध पुस्तक वाचायला देऊन २५ शब्दांचा माग काढला. तीन महिन्यांनी सरासरी एका शब्दाचा अर्थ आठवत होता. विस्तृत वाचनाचं काम वेगळं आहे: अर्धवट ओळखीचे शब्द पक्के करणं, कोणता शब्द कोणाच्या जोडीला येतो ते अंगवळणी पाडणं आणि वेग वाढवणं. ते हळू होतं, पण होतं. फिजीतल्या ग्रामीण शाळांत एली आणि मंगुभाई यांनी वर्गांना गोष्टींची २५० पुस्तकं पुरवली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दुसऱ्या वर्षाअखेर फायदा वाचनापुरता न राहता भाषेच्या इतर कौशल्यांतही दिसू लागला होता. सहा आठवड्यांनी चाचणी घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी हा कालावधी लक्षात घ्यावा.

खर्चात मात्र सखोल वाचन स्वस्त: एक पाठ्यपुस्तक, एक शिक्षक. चाळीस जणांच्या वर्गाला विस्तृत वाचनासाठी निदान ८० पुस्तकं हवीत, तीही तीन-चार पायऱ्यांची, नाहीतर ‘निवड’ नावापुरती उरते. पायरीबद्ध पुस्तकं नसलेल्या भाषेत बालसाहित्याकडे वळायचा मोह होतो. जपून. तिथे जादूटोणा, प्राण्यांचे आवाज आणि घरगुती शब्दांची गर्दी असते. फ्रेंच बालकथांत तर फक्त लिखाणात वापरला जाणारा असा भूतकाळ भेटतो, जो अभ्यासक्रमात बराच उशिरा येतो. त्यापेक्षा खालच्या वर्गांच्या पाठ्यपुस्तकांतले जुने पाठ बरे.

विस्तृत वाचन बहुधा शिक्षकाच्याच हातून बिघडतं. प्रत्येक पुस्तकावर दहा प्रश्न दिले की मुलं उत्तरं शोधत वाचतात. झालं पुन्हा सखोल वाचन, फक्त मार्गदर्शन वजा. नुसतं घरी वाचायला सांगितलं तर वाचलं जात नाही; निदान पहिले दोन महिने रोज १०-१५ मिनिटं वर्गातच द्यावीत. आणि मुलं वाचत असताना शिक्षक वह्या तपासत बसला, तर हा मोकळा तास आहे हे मुलं बरोबर ओळखतात. शिक्षकानेही वाचावं. आणखी एक दुखणं प्रतिष्ठेचं: ‘मी पहिल्या पायरीचं पुस्तक कसं घेऊ?’ सगळ्यांनाच एक पायरी खालून सुरुवात करायला लावली की हा प्रश्न मिटतो.

तीन महिन्यांवर उताऱ्यावरच्या प्रश्नांची परीक्षा असेल, किंवा करार, औषधाची माहितीपत्रकं असा एकेक शब्द मोलाचा मजकूर वाचायचा असेल, तर सखोल वाचनच धरा. लिपीच अजून अडखळत असेल किंवा ३०० शब्दही येत नसतील, तर विस्तृत वाचन लांबवा. तोवर ऐकत ऐकत वाचणं बरं. हातात पूर्ण वर्ष असेल तर वाचनाच्या दोन तासांपैकी एक मोडून त्याची रोज १०-१५ मिनिटं करा आणि दुसरा उताऱ्यासाठी ठेवा. एकट्याने शिकणाऱ्याने, ५००च्या आसपास शब्द आले की, बहुतेक वेळ विस्तृत वाचनालाच द्यावा.

प्रगती मोजायला प्रश्नपत्रिका नको. महिन्यातून एकदा घड्याळ लावून एका मिनिटात किती शब्द वाचून झाले ते लिहून ठेवायचं. आकडा १००च्या खालीच अडकून राहिला, तर पुस्तक कठीण आहे: एक पायरी उतरा.