थंडीच्या पोर्तुगीज शब्दांचे पत्ते: चित्रं छान, बोली ब्राझीलची

पोर्तुगालला निघालेल्या गोमंतकीयांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेला, पणजीत मिळणारा हा 40 पत्त्यांचा संच. पुढे चित्र, मागे शब्द आणि देवनागरीत उच्चार. कागद जाड, चित्रं ठसठशीत. गोची मागच्या बाजूला आहे: बरेच शब्द पोर्तुगालचे नव्हे, ब्राझीलच्या बोलीतले.

स्वेटरच्या पत्त्यावर 'सुएतेर' छापलंय. लिस्बनच्या दुकानात मात्र 'कमिझॉला' मागावं लागतं; ब्राझीलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बायकांचा रात्रीचा झगा. फुगीर जॅकेटला पोर्तुगालमध्ये सर्रास 'किश्पु' म्हणतात. मुळात हे एका ब्रँडचं नाव, आपल्याकडच्या डालडासारखं. संचात ते नाहीच. उच्चारांतही गोंधळ: हातमोजे 'लूवास' नव्हे, 'लूवश', कोट 'कासाको' नव्हे, 'कझाकु'. दोन स्वरांमधला एकेरी 'स' 'झ' होतो. आपलं शर्टाचं काज ज्यावरून आलं, त्या 'काझा'तही हेच.

खरी चूक क्रियापदांत आहे. सगळीकडे 'वश्तीर' (अंगात घालणं) दिलंय. मराठीत आपण कोट, मोजे, टोपी सगळंच 'घालतो', म्हणून ही चूक चटकन खटकत नाही. पोर्तुगीजमध्ये कोट-स्वेटरला 'वश्तीर', पण पायांत आणि हातांत जे चढवायचं, म्हणजे बूट, मोजे, हातमोजे, त्याला 'काल्सार'. टोपी आणि मफलर 'पोर' करायचे. मफलर म्हणजे 'काश्कॉल', अनेकवचनी 'काश्कॉइश'. संचात अनेकवचनं नाहीत, शब्दाआधीचे 'ओ' किंवा 'अ'ही नाहीत, त्यामुळे लिंग कळायला मार्ग नाही.

वाक्यांचे चार पत्ते मात्र नेमके. हवा थंड असेल तर 'श्ता फ्रीउ', मला थंडी वाजत असेल तर 'तेन्यु फ्रीउ'. 'सो फ्रीउ' म्हटलंत तर माणूस म्हणून थंड ठराल. 'कोंश्तिपादु' म्हणजे सर्दी झालेला, बद्धकोष्ठ नव्हे, ही टीपही उपयोगाची. औषधाच्या दुकानात घोळ तिथेच होतो.

बर्फातले बूट आणि गॉगल यांवर मात्र पाच पत्ते वाया गेलेत. त्यांचं काम पोर्तुगालमधल्या सेर्रा द श्त्रेलाच्या डोंगरावर. लिस्बनमध्ये जानेवारीत रात्रीचा पारा 8 अंशांच्या आसपास असतो, बर्फ जवळपास पडतच नाही. त्रास होतो तो घरात, कारण अनेक जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते आणि भिंतींना ओल असते. तिथे रोज लागतात ते शब्द म्हणजे 'पान्तूफश' (घरातल्या उबदार सपाता), 'मान्ता' (पांघरूण) आणि 'अकॅसदोर' (हीटर). यांतला एकही पत्ता संचात नाही. घेतलाच, तर त्या पाच पत्त्यांच्या मागे हे पेनाने लिहून काढा.