साइडिंग बदलायचंय, पण पैसा कोणत्या खात्यातून? अमेरिकेतल्या घरमालकासाठी अनुदानांची तुलना

उत्तरेकडच्या भिंतीवरचं साइडिंग, म्हणजे बाहेरून ठोकलेल्या फळ्यांचं आवरण, कुजलंय, हिवाळ्यातलं गॅसचं बिल बघून डोळे पांढरे होतायत आणि कॉन्ट्रॅक्टरने पाच आकडी कोटेशन हातात ठेवलंय. मग रात्री नेटवर शोधाशोध सुरू होते आणि 'सरकार तुमच्या घराचं साइडिंग फुकटात बदलून देतंय' अशा जाहिराती दिसायला लागतात. तिथे फॉर्म भरला की फोन येतो तो बहुधा साइडिंग विकणाऱ्याचा.

ऊर्जाबचतीच्या खात्यातून साइडिंगला सरळ पैसे देणारी योजना अमेरिकेत जवळपास नाहीच. साइडिंगला पैसे मिळतात ते घरदुरुस्तीच्या खात्यातून. ऊर्जेच्या खात्यातला पैसा जातो साइडिंगच्या मागे, भिंतीच्या पोकळीत भरायच्या, उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनला. दोन्हींची कार्यालयं वेगळी, अटी वेगळ्या, फॉर्म वेगळे. त्यामुळे कोणाचं दार ठोठवायचं हे ठरवण्याआधी आपल्या घराला नेमकं काय झालंय ते बघावं लागतं.

साइडिंगने बिल किती उतरतं?

विक्रेता सांगतो त्यापेक्षा बरंच कमी. साइडिंग हा घराचा रेनकोट, इन्सुलेशन हा स्वेटर. फोमचा थर चिकटवलेलं व्हायनल साइडिंग 'इन्सुलेटेड' म्हणून विकलं जातं. त्याच्या मानकात किमान उष्णतारोध आर-२ इतकाच मागितलेला आहे (आर-चा आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त अडते). त्याच भिंतीची साडेतीन इंची पोकळी सेल्युलोजने (कागदाच्या चुऱ्याने) दाबून भरली तर साधारण आर-१२ ते १३ मिळतो. शिवाय दाबून भरलेलं सेल्युलोज हवेची गळती बरीच रोखतं, तो फायदा वेगळाच.

इन्सुलेटेड साइडिंग अगदीच कुचकामी आहे असं नाही. भिंतीतल्या लाकडी खांबांमधून जी उष्णता निसटते तिला ते थोडं अडवतं. पण त्यासाठीच जास्त पैसे मोजायचे असतील, तर साइडिंग उतरवल्यावर शीदिंगवर (साइडिंगमागच्या प्लायवूडसारख्या थरावर) एक इंची कडक फोमचे बोर्ड ठोकून घेणं मला जास्त पटतं. फोम एक्सपीएस प्रकारचा असेल तर आर-५ च्या आसपास, पॉलिआयसो प्रकारचा असेल तर सहाच्या जवळपास. ही संधी साइडिंग उतरलेलं असतानाच मिळते, पुढची तीस वर्षं ती भिंत कोणी उघडत नाही. फक्त खिडक्यांच्या चौकटी आणि पाणी अडवणाऱ्या पट्ट्या त्या वाढीव जाडीला जुळवून घ्याव्या लागतात. कॉन्ट्रॅक्टर त्याबद्दल काही बोलला नाही तर मुद्दाम विचारा.

फेडरल टॅक्स क्रेडिटचं काय, हा प्रश्न हमखास येतो. इन्सुलेशनवरचं ३० टक्क्यांचं, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण झालेल्या कामांना मिळत नाही. २०२५ मध्ये काम झालं असेल तर ते त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवता येतं, पण तेही फक्त इन्सुलेशनच्या मालापुरतं, मजुरी त्यात धरत नाहीत. आणि ज्या वस्तूने भिंतीला अंतिम पृष्ठभाग मिळतो, म्हणजे साइडिंग किंवा ड्रायवॉल, ती इन्सुलेशन नाही, ही आयआरएसची (फेडरल कर खात्याची) भूमिका जुनीच आहे. जुनं माहितीपत्रक दाखवून कोणी आजही क्रेडिटचं आमिष दाखवत असेल, तर त्याच्या कोटेशनकडेही त्याच नजरेने बघा.

वेदरायझेशन: फुकट, पण साइडिंग नाही

कमी उत्पन्नाच्या घरांची ऊर्जागळती थांबवून देणारा वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्राम १९७६ च्या कायद्यातून आला. पैसा ऊर्जा खात्याचा, तो राज्यांकडे जातो आणि प्रत्यक्ष काम काउंटीतली कम्युनिटी ॲक्शन एजन्सी किंवा तशीच एखादी स्थानिक संस्था करते. घरमालकाला एक पैसाही द्यावा लागत नाही, घरावर बोजा चढत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनाही घरमालकाच्या संमतीने अर्ज करता येतो.

उत्पन्नाची मर्यादा फेडरल दारिद्र्यरेषेच्या दुप्पट. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे चौघांच्या घराला वर्षाला ६४,३०० डॉलर, दोघांच्या घराला ४२,३०० (अलास्का आणि हवाईत जास्त). मर्यादा दरवर्षी थोडी वर सरकते, आणि राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी घरं ज्याहून जास्त आणि निम्मी ज्याहून कमी कमावतात तो आकडा) ६० टक्के हा निकष वापरायची मुभाही राज्यांना आहे. दोघंही आयटीत असलेलं घर इथे बसणार नाही हे उघड आहे. पण वेगळं घर घेऊन राहणारे निवृत्त आईवडील, नुकतीच नोकरी गेलेलं कुटुंब किंवा एकट्याच्या पगारावर चालणारं घर बसू शकतं. ज्येष्ठ, अपंग आणि लहान मुलं असलेल्यांना प्राधान्य असतं.

काम कसं होतं ते बघितलं की साइडिंगचा आणि या योजनेचा नेमका संबंध कळतो. ऑडिटर दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतो आणि ५० पास्कलच्या दाबावर गळती मोजतो. त्या वेळी बाहेरच्या भिंतीवरच्या विजेच्या प्लगसमोर बोट धरलं की गार हवेची धार लागते. मग प्रत्येक उपायाचा हिशोब होतो: आयुष्यभरात होणारी बचत खर्चाइतकी तरी आहे का? भिंत भरणं त्यात अनेकदा बसतं, नवं साइडिंग बसत नाही. भिंत भरायला आलेले कामगार साइडिंगची एक ओळ हलक्या हाताने सोडवतात, दोन खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यात सुमारे दोन इंची भोक पाडतात, पाइप आत सरकवून सेल्युलोज दाबून भरतात, भोक बुजवतात आणि तीच ओळ परत अडकवतात. म्हणजे तुमचं जुनं साइडिंग जागच्या जागी, भिंत मात्र उबदार.

मेख आहे ती पुढे. भिंतीत पाणी शिरत असेल, छप्पर गळत असेल, जुनी उघड्या तारांची वायरिंग असेल, तर ऑडिटर काम 'डिफर' करतो, म्हणजे आधी दुरुस्ती करा, मग या. कुजक्या साइडिंगचं घर नेमकं इथे अडकतं. ते सोडवायला दुरुस्तीचं खातं लागतं.

शहर आणि काउंटीची घरदुरुस्ती: साइडिंगचा खरा पैसा इथे

शहराच्या किंवा काउंटीच्या कम्युनिटी डेव्हलपमेंट विभागाकडे बहुतेक ठिकाणी घरदुरुस्तीची योजना असते. मागे पैसा बहुधा १९७४ च्या कायद्यातून आलेल्या सीडीबीजी या फेडरल निधीचा. घराचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत लागतं, म्हणजे वेदरायझेशनपेक्षा मर्यादा अनेकदा सैल. महागड्या मेट्रो भागात तर हा आकडा बघून आश्चर्य वाटतं. आपण बसत नाही असं परस्पर ठरवून टाकण्याआधी आपल्या काउंटीचा तक्ता बघाच.

इथे कुजलेलं साइडिंग, निघणारा शिशाचा रंग, भिंतीत शिरणारं पाणी या गोष्टी दुरुस्ती म्हणून मोजल्या जातात. अर्जात 'घर जुनाट दिसतं' असं लिहिलंत तर कोणी ढुंकून बघणार नाही. 'पश्चिमेच्या भिंतीत पाणी शिरून शीदिंग नरम झालंय' असं लिहा, फोटो जोडा.

पण 'अनुदान' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा लांबणीवर टाकलेलं किंवा टप्प्याटप्प्याने माफ होणारं कर्ज असतं. हप्ता नाही, व्याज बहुधा नाही, पण घरावर बोजा नोंदवला जातो. ठरलेली वर्षं तुम्ही तिथे राहिलात तर तो उतरतो. आधी विकलंत तर उरलेली रक्कम परत करावी लागते, आणि काही शहरांत माफी नसतेच, घर विकताना पूर्ण रक्कम फेडायची असते. तीन वर्षांत नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल तर हे प्रकरण नाकापेक्षा मोती जड व्हायचं. इथेच म्हातारं व्हायचं ठरवलं असेल तर माझ्या मते यासारखा पर्याय नाही. फक्त प्रतीक्षायादी लांब असते आणि निधी वर्षाच्या मध्येच संपतो.

गावाकडच्या घरासाठी: यूएसडीएचं कलम ५०४

घर यूएसडीएच्या (फेडरल कृषी खात्याच्या) व्याख्येत ग्रामीण भागात असेल (त्यांच्या नकाशावर पत्ता टाकून कळतं, आणि शहराबाहेरची काही उपनगरंही त्यात निघतात) तर हे बघा. ४०,००० डॉलरपर्यंत कर्ज, एक टक्का स्थिर व्याज, वीस वर्षं मुदत. वय ६२ किंवा जास्त असेल आणि कर्ज फेडण्याची ऐपत नसेल तर १०,००० डॉलरपर्यंत निव्वळ अनुदान. दोन्ही मिळून ५०,००० पर्यंत. अनुदान मात्र आरोग्याला आणि सुरक्षेला असलेला धोका दूर करण्यासाठीच, आणि तीन वर्षांच्या आत घर विकलं तर ते परत करावं लागतं. उत्पन्नाची अट कडक आहे, काउंटीच्या 'अतिअल्प' मर्यादेखाली. अर्जदार नागरिक किंवा ग्रीन कार्डसारखा पात्र दर्जा असलेला हवा. एच-वन-बीवर असाल तर हा मार्ग बंद.

रिबेट: मध्यम उत्पन्नाच्या घराला

उत्पन्न जास्त म्हणून वरच्या तिन्हीतून बाहेर पडलात तरी रिबेट, म्हणजे खर्चातली सूट, उरतात. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमधल्या दोन योजना राज्यांमार्फत चालतात, आणि प्रत्येक राज्याची गती वेगळी. 'होम्स' योजनेत संपूर्ण घराची अंदाजित बचत २० टक्क्यांवर गेली तर २,००० डॉलरपर्यंत, ३५ टक्क्यांवर गेली तर ४,००० पर्यंत, दोन्हीकडे खर्चाच्या निम्म्याच्या मर्यादेत. उत्पन्न मध्यमाच्या ८० टक्क्यांखाली असेल तर या रकमा दुप्पट होतात. दुसरी योजना मुख्यतः हीट पंप वगैरेंसाठी आहे, पण इन्सुलेशन आणि गळती बुजवण्याला तिच्यात १,६०० डॉलरपर्यंत आहेत, मध्यमाच्या १५० टक्के उत्पन्नापर्यंत.

वीज आणि गॅस कंपन्यांचे रिबेट याहून सोपे. मॅसॅच्युसेट्समध्ये या कंपन्यांच्या मास सेव्ह योजनेमार्फत इन्सुलेशनच्या खर्चाचा मोठा हिस्सा सुटतो आणि उत्पन्नाची अट बसली तर सगळाच. साइडिंगचा खर्च मात्र यांतल्या कशातही नाही.

मग कोणी काय करावं

साइडिंग धड आहे, फक्त बिल जास्त येतंय: साइडिंगला हात लावू नका. उत्पन्न बसत असेल तर वेदरायझेशन, नाहीतर रिबेट. माळा आणि गळती आधी, भिंत नंतर.

साइडिंग कुजलंय आणि उत्पन्न ८० टक्क्यांच्या आत आहे: शहराच्या दुरुस्ती योजनेत अर्ज करा आणि त्याच आठवड्यात वेदरायझेशनकडेही. साइडिंग उतरेल तेव्हाच भिंत भरली जावी, म्हणून दोन्ही कार्यालयांना एकमेकांबद्दल सांगा. एकाच कामाचा खर्च दोन फेडरल योजनांतून वसूल करता येत नाही, पण साइडिंग एकातून आणि इन्सुलेशन दुसऱ्यातून असं विभागता येतं.

साइडिंग कुजलंय आणि उत्पन्न चांगलं आहे: साइडिंगचा खर्च स्वतःचा धरून चला, इन्सुलेशनचं बिल वेगळं मागा आणि त्यावर रिबेट घ्या. एकाच ओळीत 'साइडिंग आणि इन्सुलेशन' असं लिहिलेलं बिल घेऊन गेलात तर रिबेट अडकायची शक्यता जास्त.

कुठलाही मार्ग धरा, मंजुरीचं पत्र येईपर्यंत करारावर सही करू नका आणि आगाऊ रक्कमही देऊ नका. सुरू झालेल्या किंवा संपलेल्या कामाला बहुतेक योजना पैसे देत नाहीत, मग तो अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. घर १९७८ पूर्वीचं असेल तर रंग खरवडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे शिशासंबंधीचं ईपीएचं (फेडरल पर्यावरण संस्थेचं) प्रमाणपत्र लागतं, ते बघायला मागा. जुन्या सिमेंटच्या कडक तुकड्यांचं साइडिंग असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. चाचणी होईपर्यंत ते फोडू-कापू देऊ नका.

कॅलिफोर्निया, फ्लोरिडा किंवा मिझुरीत कोणी दारावर येऊन 'पेस' नावाने शून्य डॉलरात साइडिंग देऊ करत असेल तर ते कर्ज आहे. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून वसूल होतं, त्याचा बोजा गृहकर्जाच्याही आधी लागतो आणि घर विकताना खरेदीदाराची बँक तो आधी फेडायला सांगू शकते. सुरुवात करायला २-१-१ वर फोन करून आपल्या काउंटीची वेदरायझेशन एजन्सी कोणती ते विचारा. शहराच्या दुरुस्ती योजनेचं कार्यालयही बहुधा तिथूनच कळतं.