बॅच फाईलची नोंद: >, >> की रोबोकॉपीचा स्वतःचा लॉग?

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान घ्या. रात्री दहाला हिशेबाचं फोल्डर वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर कॉपी करणारी बॅच फाईल (एकामागून एक चालणाऱ्या विंडोज कमांडची यादी) चालते. 2019 च्या महापुरानंतर ही वरची प्रत किती मोलाची, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण रात्री दुकानात कुणी नसतं. कॉपी खरंच झाली का, हे सकाळी नोंदीवरूनच कळणार.

कमांडचं आउटपुट फाईलमध्ये वळवताना एकेरी > जुनी फाईल पुसून नव्याने लिहितं, दुहेरी >> शेवटी जोडत जातं. डिस्कवर जागा किती उरली एवढंच बघायचं असेल तर एकेरी पुरे. बॅकअपला मात्र दुहेरीच लावा. कॉपी कोणत्या दिवसापासून अडली, हे एकेरीत सापडणार नाही.

दोन्हींत सर्वांत जास्त फसगत एरर मेसेजची होते. साधं आउटपुट 1 क्रमांकाच्या वाटेने जातं, एरर 2 च्या. नुसत्या >> ने 1 च फाईलकडे वळतो, एरर पडद्यावरच राहते आणि नोंद निर्धोक दिसते. म्हणून ‘>> नोंद 2>&1’ असं लिहा. ‘2>&1 >> नोंद’ चालत नाही: सीएमडी (बॅच फाईल चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) डावीकडून वाचतं, आणि 2 ला 1 च्या मागे लावलं तेव्हा 1 पडद्याकडेच असतो.

आकड्याचाही असाच घोळ. ‘एको 5>>नोंद’ (एको म्हणजे मजकूर छापणारी कमांड) लिहिलं की 5 हा वाटेचा क्रमांक ठरतो आणि फाईलमध्ये काहीच पडत नाही. ‘>>नोंद एको 5’ असं उलटं लिहा.

फोल्डर कॉपीच करायचं असेल तर माझं मत सरळ रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या कमांडच्या बाजूने. ‘/लॉग+:’ ने नोंद जुन्या मजकुराला जोडली जाते, ‘/टी-ई-ई’ ने पडद्यावरही दिसते. फाईलींची नावं मराठीत असतील तर ‘/युनिलॉग+:’ घ्या, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मात्र ही युनिकोड नोंद वेगळ्याच फाईलमध्ये ठेवा. तिच्यात >> ने ओळी जोडल्या तर दोन एन्कोडिंग (अक्षरं साठवायच्या पद्धती) मिसळून मजकूर वाचता येत नाही. विंडोज पॉवरशेल 5.1 (विंडोजचाच कमांड चालवणारा दुसरा प्रोग्राम) मधलं > सुद्धा यूटीएफ-16 या युनिकोड एन्कोडिंगमध्ये लिहितं, तिथेही हीच काळजी.

‘/आर:2 /डब्ल्यू:5’ (दोनदाच पुन्हा प्रयत्न, मध्ये 5 सेकंद थांबून) विसरू नका. मूळ सेटिंगमध्ये रोबोकॉपी अडलेल्या फाईलसाठी दर 30 सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करतं. एखादी फाईल कुणी उघडी ठेवून गेलं की रात्रभर तिथेच. शिवाय एक्झिट कोड (काम संपताना कमांड देते तो आकडा) 1 म्हणजे फाईली कॉपी झाल्या. बिघाड 8 पासून पुढे.

ठरल्या वेळी फाईल चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा (कोणत्या फोल्डरमधून सुरू करायचं, त्याचा) खाना रिकामा सोडला तर नोंद दुकानाच्या फोल्डरऐवजी विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम32 फोल्डरमध्ये जाऊ पाहते आणि बहुधा परवानगीअभावी अडते. नोंदीचा पूर्ण पत्ताच लिहा.