चाळिशीत पुन्हा पागेत: मोठ्यांच्या घोडेस्वारी वर्गाबद्दल

घोड्यावर बसून दोन चकरा मारायच्या आणि फोटो काढून घरी जायचं, एवढंच मनात असेल तर हा वर्ग घेऊ नका. इथे निम्मा वेळ पाय जमिनीवरच असतात. मला मात्र हा वर्ग आवडला तो नेमका त्यामुळेच.

शाळेत असताना मी काही वर्षं घोडेस्वारी शिकले होते. पुढे कॉलेज, नोकरी, मग दोन मुलं. गेली कित्येक वर्षं माझा दिवस शाळेची गाडी, ऑफिस, गृहपाठ आणि उद्याची तयारी यांत संपतो. थोरल्याच्या नावनोंदणीची चौकशी करायला पागेत गेले तेव्हा तिथे मोठ्यांसाठीही सकाळचा वर्ग असल्याचं कळलं. थोरल्याने घोड्यांत अजिबात रस घेतला नाही. मी नाव घातलं.

पैसे भरण्याआधी मी मैदान किंवा ऑफिस बघितलं नाही, घोडे बघितले. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळतात त्या जागेचे केस गेलेले नव्हते, पाठीवर जखमेच्या खुणा नव्हत्या. बरगड्या नजरेला दिसत नव्हत्या, पण हात फिरवला की बोटांना लागत होत्या; अंगाने ठीक असलेला घोडा असाच असतो. प्रत्येकापुढे वाळलं गवत होतं. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत झिरपत राहतं. मोकळा सोडला तर तो दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. दोन वेळा खुराक देऊन मधे तासन् तास रिकामं ठेवलं, तर जठरात व्रण होण्याचा आणि पोटशूळ उठण्याचा धोका वाढतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. नालबंद कधी येतो असं विचारल्यावर घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांनी वहीच दाखवली: दर सहा ते आठ आठवड्यांनी, प्रत्येक घोड्याची वेगळी नोंद. मी तिथेच फॉर्म भरला.

नावनोंदणीच्या वेळी आपलं वजन करतात. काहींना ते अवघड वाटलं, मला योग्य वाटलं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपलीकडे भार जाऊ नये, असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळतात, आणि इथे घोडा त्या हिशेबानेच ठरतो. चढायलाही पायऱ्यांचा ओटा आहे. जमिनीवरून रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय टाकून चढलं की सगळा भार एका बाजूने पाठीवर येतो आणि खोगीर ओढलं जातं, म्हणून ओटा सगळ्यांनाच सक्तीचा.

आता त्या जमिनीवरच्या वेळेबद्दल.

आपल्याला दिलेला घोडा आपणच तयार करायचा. माझ्या वाट्याला एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी आली, वयाने पोक्त, कान फार बोलके. आधी तिच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जवळ जायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास ३५० अंशांचं दिसतं. दिसत नाही ते थेट शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं. म्हणून पहिला हात खांद्यावर ठेवायचा, तोंडावर नाही. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घडी करून धरायची. मग रबराचा खरारा गोल गोल फिरवायचा, त्यानंतर कडक ब्रश, तोंडाला मऊ ब्रश. शेवटी खूर: माती काढायचा आकडा टाचेकडून पुढे न्यायचा आणि मधल्या त्रिकोणी मऊ भागाला टोक लागू द्यायचं नाही.

मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्याशी खरारा केला की माझी घोडी खालचा ओठ सैल सोडते आणि मान खाली आणते. घोडे एकमेकांनाही तिथेच खाजवतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं होतं. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण तीस ते चाळीस असतात. ताईंनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, एकदा तिच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून ते मला ऐकवले. इतका भारी, सावकाश आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. त्या वेळात ऑफिसचं एकही काम डोक्यात आलं नाही. आईपणाच्या धबडग्यात अख्खं लक्ष एका ठिकाणी देण्याची सवय माझी सुटली होती. ती मला इथे परत मिळाली, आणि तिच्यासोबत लहानपणचा तो निखळ आनंदही.

ताई शिकवतात छान. ‘टाचा खाली, नजर समोर’ हे सगळेच सांगतात. ताई मात्र सुरुवातीला लगामच हातात देत नाहीत. घोडा लांब दोरीवर त्यांच्याभोवती गोल फिरतो आणि आपण हात मोकळे सोडून बसायला शिकतो, म्हणजे तोल सावरायला घोड्याच्या तोंडाला हिसके बसत नाहीत. दुडकीत, म्हणजे घोड्याच्या हलक्या धावेत, त्याचे पाय तिरकस जोडीने पडतात, दोन ठोक्यांची चाल. घोड्याचा वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की टेकायचं. ही लय शरीराने जपून ठेवली होती. बरोबरच्या दोघांना ती बसायला वेळ लागला, पण ताईंचा आवाज कधी चढला नाही.

‘तुम्ही श्वास रोखलात, ती थांबली,’ असं त्या म्हणतात आणि ते खरंच असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. टाप आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तेवढंच टिपायचा. माणसांना स्वतःलाही न कळणारं घोड्याला कळत होतं. मी घाईत, कपाळाला आठ्या घालून आलेली असले तर घोडी कान मागे घेते. मग आधी खरारा, मग खोगीर.

उणिवा आहेत. भरलेली फी तीन महिन्यांत वापरावी लागते. घरात मूल आजारी पडलं की तास बुडतो आणि भरून मिळत नाही. पालकांसाठी वर्ग काढला आहे तर हा नियम बदलायलाच हवा. हेल्मेट पागेतलं मिळतं, पण मापं कमी आहेत. मी स्वतःचं घेतलं आणि तुम्हीही घ्या, असं सुचवीन. त्यावर एएसटीएम एफ११६३ किंवा पीएएस ०१५ हे घोडेस्वारीच्या हेल्मेटचं सुरक्षा-मानक लिहिलेलं असावं, सायकलचं चालणार नाही. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी ते बदलायचं. बूट साधेच चालतात, फक्त छोटी टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीत आरपार जात नाही. कपडे बदलायला जागा मात्र एकच आहे आणि तिथे रांग लागते.

जमलं तर सकाळचा पहिला गट घ्या. घोडे ताजे असतात आणि खरारा करायला गर्दी नसते. चौकशीचा फोन कराल तेव्हा लांब दोरीवरचे तास किती मिळतील ते आधी विचारा, ते कापून घेऊ नका. मी पुढच्या पातळीसाठी नाव दिलं आहे, त्यात कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची चाल, आहे. मैदानाबाहेरची रपेट अजून सुरू केलेली नाही. ती सुरू झाली की तिच्याबद्दल वेगळं लिहीन.