स्नेल राउंडहँड: आठ महिन्यांच्या लग्नपत्रिकांनंतर

वडोद्यात दांडिया बाजारात बसून मी पत्रिका करते. मराठी घरातलं लग्न असलं तरी मजकूर बहुधा तीन भाषांत लागतो: घरच्यांसाठी मराठी, शेजारपाजाऱ्यांसाठी गुजराती, परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी. या इंग्रजी बाजूला गेले आठ महिने स्नेल राउंडहँड हा जोडअक्षरी वळणाचा फॉन्ट वापरतेय. मॅकवर तो आधीपासून असतो, रेग्युलर, बोल्ड आणि ब्लॅक अशा तीन वजनांत, म्हणजे रेषेच्या जाडींत.

चार्ल्स स्नेल हे जुन्या इंग्लंडमधले सुलेखन शिकवणारे गुरुजी. त्यांच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६०च्या दशकात हा टाइप रेखला, तोही फोटोटाइपसेटिंगसाठी, म्हणजे खिळ्यांऐवजी अक्षरांचे फोटो घेऊन मजकूर जुळवण्याच्या पद्धतीसाठी. शिशाच्या खिळ्यात प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत अडकतं. फोटोत ती चौकट नव्हती, म्हणून अक्षरं हातात हात घालून चालू शकली.

ते जोड म्हणजेच या फॉन्टचा जीव. पहिल्याच पत्रिकेत नावं ऐसपैस दिसावीत म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं आणि सगळे जोड तुटले. आता अंतर शून्य ठेवते. भारदस्तपणा हवा असेल तर आकार वाढवते आणि भोवती कोरी जागा सोडते. एका काकांनी दोन्ही नावं पूर्ण कॅपिटलमध्ये मागितली होती. प्रूफ पाहिल्यावर त्यांनाच ती वाचता येईनात. वेलांटीदार कॅपिटल नावाच्या सुरुवातीला एकच शोभतं.

छपाईत बारीक रेषा सांभाळाव्या लागतात. सोनेरी शाईच्या स्क्रीन प्रिंटिंगला पत्ता बारा पॉइंटात दिला, तर केसासारख्या रेषा गायब झाल्या. त्या कामाला बोल्ड निभावतं, पण पत्त्याला साधा, सरळ फॉन्टच बरा. प्रेसला फाइल देताना मजकूर कर्व्हजमध्ये (म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांत) बदलून जोड वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर आलेली अक्षरं एकाच आकारात मिसळा. नाहीतर लेझर कटिंगमध्ये दोन अक्षरं जिथे एकमेकांवर येतात तिथेही काप जातो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो देवनागरी जोडीदार शोधण्यात. राउंडहँडची जाडी हाताच्या दाबातून येते: खाली येताना जाड, वर जाताना बारीक. आपल्या अक्षराची जाडी बोरूच्या तिरप्या कापातून येते, दाबातून नाही. दोन्ही जुळावीत म्हणून मी देवनागरी फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे कलवून पाहिला. शिरोरेषा आडवीच राहिली आणि खालचे काने मात्र कलंडत्या खांबांसारखे दिसू लागले. तो डोळ्यांना त्रासच होता.

म्हणून आता नावं मी स्वतः बोरूने उभ्या वळणात लिहिते, स्कॅन करते आणि मोठी ठेवते. त्याखाली स्नेल, साधारण निम्म्या आकारात, त्याच मरून रंगात. गेल्या महिन्यातल्या पत्रिकेत वधूच्या आजीने आधी मराठी नावावरून बोट फिरवलं, मग खालच्या इंग्रजी नावावरून, आणि म्हणाली, "दोन्ही लिहिलेलीच वाटतात गं." त्या घराच्या मुंजीची पत्रिकाही आता माझ्याकडे आली आहे. बोरू कालच नवा कापलाय.