वाशीतील एक कॅज्युअल्टी : निदान उत्तर तरी मिळाले

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, फुप्फुसाचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग होता. एका रात्री धाप थांबेना, म्हणून नेरूळहून त्यांना वाशीतील एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले. रुग्ण स्ट्रेचरवर असतानाच आयसीयूच्या डिपॉझिटचा विषय काढण्याची तेथील काउंटरची रीत संतापजनक आहे आणि दोन खाटांमधला पडदाही पुरता सरकत नाही.

ड्यूटीवरील डॉक्टरांनी मात्र जे केले, ते दोन वर्षांच्या उपचारांत कोणी केले नव्हते. ऑक्सिजन लावून होताच त्यांनी अण्णांच्या नडगीवर अंगठा दाबला, पडलेला खड्डा किती वेळ राहतो ते पाहिले आणि सासूबाईंना विचारले, "काल दिवसभरात पेज किती गेली?" "दोन चमचे." अण्णा बहुतेक वेळ अंथरुणातच असतात का, असंबद्ध बोलतात का, हेही त्यांनी विचारून घेतले. मोरिता या जपानी डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या, बरा न होणाऱ्या कर्करोगात किती काळ उरला याचा अंदाज देणाऱ्या निर्देशांकाचे हे प्रश्न होते : बसल्या जागी धाप ३.५, नाममात्र आहार २.५, खालावलेली हालचाल २.५, सूज १, एकूण ९.५. बेरीज सहाच्या वर गेली, तर बहुधा तीन आठवड्यांहून कमी काळ उरलेला असतो. मात्र धापेचे कारण दूर होण्यासारखे असेल तर हा आकडा फसवा ठरतो, असे सांगून त्यांनी एक्स-रे पाहिला आणि फुप्फुसाभोवतीचे पाणी सुईने काढले. पहाटे धाप बसली, बेरीज सहावर उतरली आणि अंदाज सहा आठवड्यांच्या आतला झाला.

आमचे नेहमीचे डॉक्टर "बघू या, सहा महिने" म्हणत होते. त्यांना दोष देत नाही. शिकागोतील ४६८ मरणासन्न रुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६३ टक्के अंदाज वाजवीपेक्षा आशावादी निघाले होते आणि डॉक्टरांची रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकत होता. त्या रात्री परक्या माणसाने पाहिले, हेच बरे झाले. त्या अंदाजावर विसंबून आम्ही पुढची केमो थांबवली आणि पुण्याच्या नणंदेला लगेच बोलावून घेतले.

डिस्चार्ज कार्डावर मात्र यातले एक अक्षर नव्हते. 'प्रकृती स्थिर, ओपीडीत दाखवावे' एवढेच. अठराव्या रात्री पुन्हा तेथेच जावे लागले, तेव्हा दुसऱ्या पाळीच्या डॉक्टरांनी थेट व्हेंटिलेटरच्या संमतीपत्रावर सही मागितली आणि सासूबाईंना पेजेच्या चमच्यांपासून सारे पुन्हा सांगावे लागले.